पाच वारांचं उद्यापन

होळीच्या आधीच बोअर आटलं. मोटर चालू केली की पाइप आधी गुरगुरायचा, मग लाल चिखलाची एक पिचकारी, मग नुसती हवा. उमाजीनं, म्हणजे माझ्या मुलानं, मोटर वर ओढून पुन्हा पुन्हा खाली सोडली. दोर ओढून त्याच्या तळहातांची सालटी निघाली. मी म्हटलं, सोड आता. पाणी नाही तिथं हात सोलून काय पाझर फुटणार आहे?

आमचा गोठा तेलुगू मुलखात, कुकटपल्लीच्या पलीकडं. सासरे देगलूरकडून म्हशी हाकत आले तेव्हा इथं खडक आणि बाभळी होत्या. आता एका अंगाला उंच सोसायटी, दुसऱ्या अंगाला मोटारसायकलींचं दुकान आणि मधल्या पट्ट्यात आमच्या म्हशी. सोसायटीतली माणसं सकाळी आमचं दूध पितात आणि दुपारी आमच्या शेणाच्या वासाची तक्रार करतात. त्यांचं बोअर आमच्यापेक्षा खोल. खोल घशाच्या माणसाशेजारी पंगतीला बसलं की आपल्या वाट्याला पत्रावळ चाटणंच येतं.

मग टँकर आला. टँकरवाला पाणी असं सोडायचा की जणू तीर्थ वाटतोय. म्हशीला पिण्यापुरतं पाणी देऊन भागत नाही, तिला अंगावर पाणी लागतं. नाहीतर ती तोंड वासून धापा टाकते आणि दूध वर ओढून घेते. लीला, माझी सून, ओली पोती त्यांच्या पाठीवर टाकायची. घडीभरात पोती वाळून पापड व्हायची, की पुन्हा भिजवायची. मी धारेला बसले की कास हाताला सैल लागायची, चिरमटलेली. अंगठ्याची पेरं दुखेपर्यंत ओढलं तरी चरवीत नुसता फेस. चाऱ्याचीही तीच गत. हिरवा चारा आणणारा गाडीवाला भाव सांगून मोकळा व्हायचा आणि म्हणायचा, अम्मा, घेणारे बहोत आहेत.

एका सकाळी धारा झाल्यावर मी सगळ्यांना गोठ्यातच उभं केलं. घरात बसून बोललेलं कुणी ऐकत नाही. पायाखाली शेण असलं की माणूस सावध उभा राहतो. म्हटलं, आजपासून या घरात फालतू खर्च बंद. उमाजीचा गुटखा बंद, लीलाच्या टीव्हीवरच्या मालिका बंद, माझी दुपारची कॉफी बंद. उमाजी म्हणाला, माय, तू कॉफी कधी पितेस? मी म्हटलं, पीत नाही म्हणूनच ती आधी बंद केली. कुणी तोंड वर करून मला विचारायला नको.

मग योगिनीला फोन लावायला सांगितला.

योगिनी माझी नात. उमाजीला तेवढीच एक. पोलिसात भरती व्हायचं म्हणून दिलसुखनगरला हॉस्टेलात राहून क्लास करत होती. पहिली लेखी परीक्षा तिनं पहिल्याच दणक्यात काढली. आता पळण्याची परीक्षा होती, तिला क्लासातल्या पोरी 'इव्हेंट' म्हणायच्या. ठरल्या वेळेत मैदानाला दोन फेऱ्या मारल्या तर पुढं, नाहीतर घरी. आमच्या घराण्यात सरकारी कपडा कुणी अंगावर घातला नव्हता. सोसायटीचा वॉचमनसुद्धा आम्हाला 'ए भैंसवाली' म्हणून हाक मारतो. योगिनी खाकीत त्या गेटवर उभी राहिली की त्याची जीभ कशी सरळ होते ते मला बघायचं होतं. दुसरी काही हौस मला उरलेली नव्हती.

फोनवर मी तिला म्हटलं, "पोटाला चिमटा काढायला शिक, बाई. बापाच्या म्हशी पाण्यावाचून माना टाकायला लागल्यात. तिकडं चहा-बिस्कुटं चालू असतील ती बंद कर."

ती म्हणाली, "हौ आजी. कमी करते. तू टेन्शन नको घेऊ."

पोर शब्दाची पक्की. पुढच्या फोनला कळलं, चहा सोडला. मग कळलं, क्लासला बसनं न जाता चालत जाते. पुस्तकं विकत न घेता मैत्रिणींच्या वापरून झालेल्या झेरॉक्सवर अभ्यास करते. पळायच्या बुटांचे तळवे सुटले तर नवे न घेता चांभाराकडून दोरा घालून घेतला. दर वेळी मी शाब्बास म्हणायची. लीला एकदा चुलीपाशी पुटपुटली, आत्याबाई, पळायला बूट तरी धड लागतो. मी म्हटलं, म्हशी काय बूट घालून पळतात? त्यावर ती गप्प बसली. तिला गप्प बसवायला मला कधी जड गेलं नाही.

मग उपवास सुरू झाले. आधी सोमवार सांगितला. सोमवार मीही धरते, तेव्हा मला बरंच वाटलं. मग एकादशी, मग चतुर्थी. शहरातल्या हॉस्टेलात राहून पोर देवाला विसरली नाही, हे मी ज्याला त्याला सांगत सुटले. सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर सावित्रीबाई राहतात, त्यांनाही सांगितलं. त्यांचं माहेर हिमायतनगरचं, घरात वकील आणि मास्तर, त्यामुळं बोलणं धुतल्यासारखं स्वच्छ. पातेलं पुढं करत त्या म्हणाल्या, नावाप्रमाणं योगिनीच निघाली म्हणायची. आणि वर म्हणाल्या, "पण गोदाबाई, पळणाऱ्या पोरीनं इतके उपवास कशाला? तिकडं शिट्टी घेऊन देव उभा असणार आहे का?"

मी म्हटलं, "ज्यांना उपवासाला साबुदाण्याचे वडे लागतात, त्यांना ते कळायचं नाही." आणि त्या दिवशीचं माप जरा हात आखडूनच ओतलं.

त्याच सुमाराला उमाजी हिरवा चारा आणायला लागला. रोज नाही, पण अधूनमधून ओल्या पेंढ्यांचा भारा सायकलवर यायचा. कडबा चघळून तोंडं सोललेल्या म्हशी त्या चाऱ्यावर अशा तुटून पडायच्या की दावणीची लाकडं वाजायची. मी विचारलं, कुठून आणलास? तो म्हणाला, हॉस्टेलचे पैसे या महिन्याला कमी लागले. उपवासाच्या दिवशीच्या जेवणाचे पैसे तिथं कापून देतात. मी म्हटलं, बघ, देवाचं करणाऱ्याला देव असा परतून देतो. तो पेंढीचा बंद सोडत राहिला.

म्हशींनी पान्हा सोडला. चरवीचा तळ झाकला गेला.

वैशाखातल्या एकादशीला माझ्या मनात आलं, पोर इतकं करते, तर आपण जाऊन तिला फराळाचं देऊन यावं. पहाटे धारा काढून मी भगर शिजवली, शेंगदाण्याचे लाडू वळले, थोडा खवा आटवला आणि मेट्रोनं निघाले. डब्यात शेजारी एक पोर बसली होती, कानात बोंडं घातलेली. तिनं माझ्याकडं बघितलं, मग ओढणी नाकाला लावली, मग उठून दाराशी जाऊन उभी राहिली. मी तिच्या जागेवर पिशवी ठेवली आणि दिलसुखनगरपर्यंत ऐसपैस बसून गेले. शेणाचा वास धुतला तर जातो. माणसाचा जात नाही.

हॉस्टेल क्लासांच्या गल्लीत, लोखंडी जिन्यावरून वर. कठड्यांवर पोरींचे कपडे वाळत होते. ते चालवणारी बाई तेलुगू, तिला सगळ्या अम्माच म्हणायच्या. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, मागच्या भिंतीवर देवांच्या तसबिरींची रांग. मी योगिनीची आजी म्हणून सांगितलं, तशी ती बाई खुर्चीवरून उठली आणि माझ्या पाया पडली. मला पाया पडून घ्यायची सवय आहे, पण दिलसुखनगरात नाही.

"बैठो अम्मा," ती म्हणाली. "आपकी बच्ची बच्ची नहीं, देवी है. हर रोज किसी ना किसी भगवान का ओक्कपोद्दु." ओक्कपोद्दु म्हणजे त्यांच्याकडचा उपवास. आणि मग तिनं बोटांवर मोजत मला वार सांगितले. सोमवार शिवाचा. मंगळवार हनुमंताचा. गुरुवार बाबांचा. शुक्रवार लक्ष्मीचा. शनिवार व्यंकटेश्वराचा. शिवाय आजच्यासारखी एकादशी आली की ती वेगळी.

मला सोमवार माहीत होता. बाकीचे चार वार मी त्या बाईच्या तोंडून ऐकत होते. बाबांचा गुरुवार आमच्या घरात कुणी धरला नाही, आणि व्यंकटेश्वराचा शनिवार माझ्या सासऱ्यांना विचारला असता तर ते म्हणाले असते, तो कोण पाव्हणा?

बाई सांगत होती. पोरी सिनेमाला गेल्या, बाहेर खाऊन आल्या, तर ती जेवणाचा पैसा कापत नाही. आजारी पडल्या तरी कापत नाही, स्वयंपाक झालेला असतो. पण देवाचा उपवास असेल तर दोन्ही वेळचं कापून देते. "भगवान का पैसा मैं नहीं रखती अम्मा. पाप लगता." आणि वर हसून म्हणाली, मेसमधल्या पोरी चिडवतात, की योगिनी पोलिसात गेली की देवळावरच ड्यूटी मागून घेणार.

मी म्हटलं, "हौ. हमारे घर की रीत है." दुसरं काय म्हणणार होते?

योगिनी मैदानावरून आली तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. ती जिना चढताना मी वरून बघत होते. तिसऱ्या पायरीला थांबली, कठडा धरला, मग पुढची चढली. वर आल्यावर मला बघून हसली आणि मला तिचे दात मोठे दिसले. दात मोठे झाले नव्हते, गाल गेले होते. गळ्याची हाडं अशी वर आली होती की त्यांच्या खळग्यात घाम साचला होता. मागं संक्रांतीला हाताला घट्ट बसणारं कडं आता कोपरापर्यंत सरकत होतं. केस बांधले होते तिथं मधली टाळू दिसत होती.

मी तिला गच्चीवर घेऊन गेले. पाण्याच्या काळ्या टाकीच्या सावलीत बसलो. टाकीत पाणी पडायचा आवाज येत होता. मी डबा उघडला नाही.

"आज काय?" मी विचारलं.

"एकादशी ना आजी."

"काल?"

तिनं कोपराकडं गेलेलं कडं मनगटाकडं ओढलं.

"परवा? त्याच्या आदल्या दिवशी? मला त्या बाईनं सगळे देव सांगितलेत, योगिनी."

ती बुटाच्या दोऱ्याशी चाळा करायला लागली. तळवा पुन्हा सुटला होता, आतला मोजा दिसत होता.

"खातेस काय?"

"सकाळचा नाश्ता असतो. दोन इडल्या मिळतात. तो कटमध्ये येत नाही." मग म्हणाली, "आजी, अम्माला नको सांगू. खोटं बोलले म्हणून काढून टाकेल. इव्हेंट जवळ आलाय, आता मी कुठं जाऊ?"

"पण कशासाठी?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मी ते विचारावं याचं तिला खरंच नवल वाटलं होतं.

"तूच म्हणालीस ना, फालतू आहे ते काटायचं. मी काटत गेले. चहा काटला, बस काटली, पुस्तक काटलं. नंतर काटायला काही राहिलंच नाही, आजी. फक्त मेस राहिली." मग हळूच, जणू चांगली बातमी सांगते तशी म्हणाली, "आता पाळी पण येत नाही. तो खर्च पण वाचला."

खाली गल्लीत कुणीतरी गाडीचा हॉर्न धरून ठेवला होता.

मी तिला रडून जवळ घेतलं नाही. माझ्याच्यानं ते होत नाही, आणि तिलाही ते झेपलं नसतं. मी म्हटलं, "चिमटा काढ म्हटलं होतं. पोट कापायला सांगितलं नव्हतं." आणि तिच्यापुढं डबा ठेवला. तिनं लाडू घेतला, अर्धा खाल्ला, अर्धा हातात धरून बसली. म्हणाली, आजी, जात नाही. मी तिच्या हातातला अर्धा लाडू काढून घेतला नाही. तो तिथंच तिच्या मुठीत चुरा होत राहिला.

बाईला खरं सांगणं शक्य नव्हतं. पोर खोटी ठरली असती, आणि आमच्या घरची पोर खोटी ठरलेली मी बघणार नव्हते. उद्यापासून नुसते उपवास मोडले असते तरी तीच गत. धरलेला वार असा मोडत नाहीत, तो विधीनं सोडावा लागतो, हे त्या बाईलाही माहीत. मी खाली गेले आणि उभ्या उभ्याच सांगितलं की पोरीचे सगळे वार पुरे झाले, रविवारी उद्यापन करायचं. त्यांच्याकडंही शब्द तोच. बाईचे डोळे भरून आले. म्हणाली, सगळ्या पोरींना जेवण घालावं लागेल अम्मा, गोड करावं लागेल. मी म्हटलं, घालू की.

घरी आले तेव्हा उमाजी दावणीत हिरव्या पेंढ्या टाकत होता. म्हशी कचाकच खात होत्या. तो आवाज मी जन्मभर ऐकला, पण त्या दिवशी तो मला ऐकवेना. मी एकीच्या तोंडासमोरून पेंढी ओढून घेतली. तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं, ओठाला पानं चिकटलेली.

"तुला ठाऊक होतं?" मी उमाजीला विचारलं.

"ती म्हणाली उपवास. मी म्हटलं, बरं."

"आणि महिन्यामागं महिना पैसे उरत गेले, ते?"

त्यानं तळहात धोतराला पुसले. त्याच्या सोललेल्या हातांवर आता नवी कातडी आली होती, लालसर. तो म्हणाला, "माय, म्हशी मरत होत्या."

लीला दारातून पुढं आली आणि म्हणायला लागली, मी आधीच म्हणत होते. मी म्हटलं, तू काही म्हणत नव्हतीस. तू बुटाचं म्हणत होतीस. ती तिथंच शेणाच्या पाटीवर खाली बसली आणि तोंडात पदर कोंबला. मी ती पेंढी हातात घेऊन उभी होते आणि मला ती कुठं ठेवावी ते कळत नव्हतं. शेवटी पुन्हा दावणीतच टाकली. म्हशीनं ती ओढून घेतली. तिचा काही दोष नव्हता, तिच्यापुढं जे टाकलं ते ती खात होती.

मी उमाजीला सांगितलं, रविवारचं सगळं दूध राखायचं. थेंब विकायचा नाही. तो म्हणाला, सोसायटीवाले दुसरा दूधवाला धरतील, आणि गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही. मी म्हटलं, धरू देत.

रविवारी सावित्रीबाई पातेलं घेऊन स्वतः खाली आल्या. मी म्हटलं, आज दूध देवाचं आहे. त्या रिकामं पातेलं उराशी धरून परत गेल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या दारात पिशवीतलं दूध यायला लागलं. आणखी काही दारांतही.

अंगणात दगडांची चूल मांडून मोठी कढई चढवली. लीला आणि मी पाळीपाळीनं उलथणं फिरवत होतो. खाली लागलं की बासुंदीला करपट वास येतो आणि सगळं जातं, म्हणून हात थांबवता येत नव्हता. वरून ऊन, खालून जाळ. लीलाच्या नाकावरून घामाचे थेंब पडायला आले की मी तिला मागं ओढायची. पुऱ्या तळल्या, बटाट्याची भाजी केली, आणि उमाजीनं रिक्षा आणली. उमाजी आमच्याबरोबर आला नाही. म्हणाला, म्हशींना पाणी दाखवायचंय.

हॉस्टेलच्या मेसमध्ये अम्मानं पाट मांडून ठेवला होता. योगिनीला त्याच्यावर बसवलं, कपाळाला हळदकुंकू लावलं, गळ्यात हार घातला. पोरी खाली ओळीनं बसल्या. एरवी ताटात डोकं घालून जेवणाऱ्या त्या पोरी बासुंदी बघून कलकलाट करत होत्या. एक म्हणाली, आजी, योगिनी अक्कानं अजून एखादा वार धरावा, आमची चैन होईल. सगळ्या हसल्या. योगिनीही हसली. अम्मानं मला सांगितलं, पहिला घास तुम्ही भरवा.

मी पुरीचा तुकडा बासुंदीत बुडवून तिच्या तोंडाशी नेला. तिनं तोंड उघडलं. घशाची घाटी वर जाऊन खाली आली. मग दुसरा घास. सगळ्या बघत होत्या म्हणून ती खात होती, भराभर, डोळे ताटावर ठेवून. तिनं वाटी संपवली. अम्मानं पुन्हा भरली. तिनं तीही तोंडाला लावली आणि मग हार तसाच गळ्यात घेऊन उठली, मोरीकडं पळाली.

तिच्या ओकण्याचा आवाज मेसमध्ये ऐकू येत होता. पोरींचा कलकलाट थांबला. मी गेले तेव्हा अम्मा आधीच तिथं पोचली होती, तिचं कपाळ धरून वाकली होती. योगिनीच्या पाठीचे मणके कुडत्यातून एकेक दिसत होते. अम्माचा दुसरा हात त्या मणक्यांवरून फिरत खाली गेला आणि मधेच थांबला. तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. ते बघणं भाविक बाईचं नव्हतं. चार लेकरं वाढवलेल्या बाईचं होतं.

मी म्हटलं, "बासुंदी जरा जास्त गोड झाली."

ती म्हणाली, "हौ अम्मा." आणि योगिनीच्या तोंडावर पाणी मारलं.

त्या दिवसापासून योगिनी दोन्ही वेळ मेसमध्ये जेवायला बसली. लीलानं कानातलं मोडून तिला नवे बूट घेतले, मला न विचारता. पण आटलेली कास एका पेंढीनं भरत नाही, हे मला कुणी सांगायला नको होतं. फोनवर मी विचारायची, जेवलीस? ती म्हणायची, जेवले. किती, ते मी विचारत नव्हते.

इव्हेंटच्या दिवशी मी आणि उमाजी पहाटेच मैदानावर पोचलो. घरच्यांना आत सोडत नव्हते. तारेच्या कुंपणापाशी सगळी माणसं उभी होती, कुणी देवाचा अंगारा घेऊन, कुणी ग्लुकोजचं पाणी घेऊन. सूर्य नुकता वर आला होता, तरी तारेला हात लावला तर गरम लागत होती. आत पोरींचे घोळके उभे केले होते, छातीवर आकडे लावलेले. योगिनी मला लगेच दिसली. बूट सगळ्यात पांढरे तिचे होते.

शिट्टी झाली तशी सगळ्या एकदम सुटल्या. पहिल्या फेरीला ती घोळक्याच्या मधे होती. कोपरं अंगाला घट्ट धरून, तोंड मिटून, शिकवलं तसं पळत होती. आमच्या समोरून गेली तेव्हा उमाजीनं कुंपणाची तार दोन्ही हातांनी धरली आणि तिचं नाव घेतलं, पण आवाज असा लहान निघाला की तो माझ्याशिवाय कुणाला ऐकू गेला नसेल. दुसऱ्या फेरीला घोळका पुढं गेला आणि ती मागं राहिली. तिचं तोंड उघडं पडलं. मला ते तोंड माहीत होतं. पाणी न मिळालेली म्हैस तसंच उघडते.

वळणावर तिनं कमरेला हात लावला आणि चालायला लागली. मग पुन्हा पळाली. मग गुडघे दुमडून हातांवर पडली, जसं कुणी खाली पडलेलं काही उचलायला वाकावं तसं. उठली. तिच्या मागं राहिलेली एक जाडी पोर तिला ओलांडून गेली. योगिनी पळतच राहिली. शिट्टी होऊन गेल्यावरही ती पळत होती, शेवटची रेघ ओलांडेपर्यंत. तिथं एका पोलीस बाईनं तिला दंडाला धरून बाजूला घेतलं, पाणी दिलं, आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

ती बाहेर आली तेव्हा गुडघ्यांवर माती आणि रक्त होतं. छातीवरचा आकडा तिनं स्वतःच सोलून काढला होता. शेजारच्या एका माणसानं, त्याची पोर पास झाली होती, तोंड गोड करून म्हटलं, पुढच्या वेळी होईल, बेटा. मी त्याला म्हटलं, तुमची झाली ना? मग तुम्ही तुमच्या पोरीकडं बघा.

भिंतीच्या सावलीला आम्ही बसलो. उमाजी तिच्यासमोर बसला नाही, थोडा बाजूला, पाठ करून बसला. माझ्याजवळ तिला सांगण्यासारखं एवढंच होतं की मी दहीभात आणलाय. मी डबा उघडून तिच्यापुढं सरकवला. मला वाटलं, दोन घास घेईल.

तिनं हात धुतले नाहीत. माती लागलेल्या हातानंच पहिला घास घेतला, मग दुसरा, मग मोठा, तोंडात न मावणारा. ती चावत नव्हती, गिळत होती. शितं हनुवटीला चिकटत होती आणि ती बोटानं ती पुन्हा तोंडात सारत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ती रडत नव्हती. घास मोठा होता म्हणून येत होतं. आता तिला कशासाठी काही वाचवायचं नव्हतं. डबा झाला. उमाजीसाठी बांधून आणलेल्या दोन भाकऱ्या त्यानं पाठमोऱ्यानंच मागं सरकवल्या, त्याही झाल्या. लोणच्याचा कागद तिनं पुसून चाटला.

मग तिनं माझ्याकडं बघितलं. या सगळ्या उन्हाळ्यात तिनं माझ्याकडं काही मागितलं नव्हतं.

"अजून आहे का, आजी?"

नव्हतं. मी पिशवी उचलली आणि तिच्यादेखत उलटी केली, झटकली, तळापर्यंत. मी काही मागं ठेवलेलं नाही, हे तिला दिसावं म्हणून.